केसोबाने गिटार निवडली

एका जंगलात एक अस्वल राहत होतं आणि त्याला बहिणीला भेटायला जायचं होतं. गोष्ट एवढीच आहे. पण मुलांनो, एवढ्याशा गोष्टीला दोन वर्षं लागली, म्हणून ती नीट सांगावी लागेल. सरळ बसा. मधे मधे पाणी प्यायला उठू नका.

अस्वलाचं नाव केसोबा. अंगावर केस भरपूर, मनात माया भरपूर आणि हातात एक शिसवी गिटार. तुम्ही विचाराल, अस्वलाला गिटार कशी वाजवता येते? अहो, त्याला नखं असतात. तुम्हाला प्लास्टिकची त्रिकोणी चकती विकत आणावी लागते, ती हरवते, मग तुम्ही आईवर ओरडता. अस्वलाचं तसं नसतं.

रोज संध्याकाळी केसोबा पाणवठ्यावर बसून वाजवायचा. फार थोर वाजवत होता असं नाही. पण तो वाजवू लागला की पाणी पिणारी सांबरं क्षणभर मान वर करायची, आणि वाघ दिसल्याशिवाय सांबर मान वर करत नाही. म्हणजे बऱ्यापैकी वाजवत असणार.

सगळ्यात शेवटी तो एक शब्द नसलेलं गाणं वाजवायचा. ते त्याच्या आईचं. अस्वलाची आई पिल्लांना पाठीवर बसवून हिंडते. केसोबाची आईही तशीच हिंडायची. डाव्या बाजूला गोदाक्का, उजव्या बाजूला केसू, खाली मोहाची फुलं आणि चालता चालता आईच्या छातीतून येणारी ती गुणगुण. दोघं भावंडं तिच्या पाठीला कान लावून ते गाणं ऐकायची. आई गेली. गोदाक्काचं लग्न होऊन ती नदीपलीकडे, तीन घाट ओलांडून गेली. गाणं तेवढं केसोबाकडे राहिलं.

एका वर्षी पाऊस सरला आणि परीट आला. परीट म्हणजे सारखी शेपटी हलवणारा लहानसा पाहुणा पक्षी. हिवाळ्यापुरता यायचा आणि वाटेतल्या सगळ्या जंगलांतले निरोप घेऊन यायचा.

"केसोबा," तो म्हणाला, "तुझ्या आक्काचे डोळे गेले. बाकी बरी आहे. म्हणाली, केसूला सांग, एकदा ये आणि आईचं गाणं वाजव. मला हल्ली त्याचा मधला भाग आठवत नाही."

केसोबा रडला. अस्वल रडतं तेव्हा नाकातून रडतं, त्यामुळे लांबून ऐकणाऱ्याला कोणी घोरतंय असं वाटतं. पण सयाजीने ओळखलं. सयाजी म्हणजे साळिंदर, केसोबाचा शेजारी आणि पाणवठ्यावरचा रोजचा श्रोता.

"उद्या सकाळी निघतो," केसोबा म्हणाला.

"मीही येतो," सयाजी म्हणाला. "माझ्यावाचून इथे कुणाचं काही अडत नाही."

आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाले. मुलांनो, हे ध्यानात ठेवा. ते निघाले होते.

वाटेत जांभळाचं झाड होतं. झाडाच्या शेंड्यावर पोपटराव बसले होते. पोपटराव रोज सकाळी तिथे बसून नव्या नव्या वस्तूंविषयी बोलायचे आणि अर्धं जंगल खाली माना वर करून ऐकायचं. पोपटरावांनी आयुष्यात कधी गिटार वाजवली नव्हती. पंखांनी ती वाजवता येत नाही. पण तिच्याविषयी बोलता येतं. चोच त्यासाठीच असते.

"कुठे निघालात केसोबा?"

"आक्काकडे. तिला गाणं ऐकवायला."

"ही घेऊन? लाकडाची?"

पोपटराव 'लाकडाची' असं म्हणाले, जणू केसोबा पापडाची गिटार घेऊन निघाला होता.

"नदीवर दमट हवा," ते म्हणाले, "लाकूड फुगणार. घाटमाथ्यावर कोरडं ऊन, लाकूड तडकणार. मान वाकणार, तारा उचलणार. तुम्ही त्या आंधळ्या बहिणीपुढे बसणार आणि वाजणार काय? खुळखुळा!"

केसोबाने गिटारीकडे पाहिलं. अठरा पावसाळे तिने काढले होते. पण ते तिने कुणाला विचारून काढले नव्हते.

"मग काय करू?"

"कार्बन फायबर!" पोपटराव म्हणाले. खाली जमलेली सगळी माकडं "आहा" म्हणाली. त्यांना काही कळलं नव्हतं, पण शब्द छान होता. "कोळशासारखे काळे धागे विणायचे, त्यात राळ मुरवायची, साच्यात दाबून घट्ट करायचं. झाली गिटार. पावसात फुगत नाही, उन्हात तडकत नाही, वजनाला हलकी. शिवाय मगरीच्या होडीचा नियम माहीत आहे ना? एका हाताहून लांब सामान चालत नाही."

"कुणाच्या हाताहून?"

"मगरीच्या."

मगरीचा हात केवढा असतो, हे तुम्ही चित्रात पाहिलं असेलच.

केसोबा थांबला. मग वळला. "चारच दिवस, सयाजी," तो म्हणाला. "आक्कासाठी चाललोय. तिच्यापुढे हलकंसलकं काही नको."

सयाजीला ते पटलं. चार दिवस म्हणजे काय मोठंसं?

करवंदीच्या जाळीत एक कोळीण राहायची. ती या काळ्या गिटारी विणायची. आठ पाय असल्यामुळे एका वेळी तीन विणायची. केसोबा तिच्याकडे गेला.

पहिली गिटार पूर्ण अंगाची होती. आवाज भरदार. पण होडीत मावली नसती. दुसरी लहान अंगाची होती, पाठीवर टाकली की विसरून जावं अशी. पण तिचा खर्ज बारीक होता, आणि केसोबाचा पंजा एवढा रुंद की एका बोटाखाली तीन तारा यायच्या. तिसरीची मान निघायची. खिळी फिरवली की दोन तुकडे, पुन्हा फिरवली की गिटार. पण दर वेळी जोडल्यावर सूर नव्याने लावावा लागायचा.

"यातली चांगली कोणती?" केसोबाने विचारलं.

"कोणतीही घ्या दादा," कोळीण म्हणाली. "तिन्ही वाजतात."

हे केसोबाला मुळीच आवडलं नाही. जी विकणारी 'कोणतीही घ्या' म्हणते, तिला स्वतःच्या मालातलं काही कळत असेल यावर कोण विश्वास ठेवणार?

म्हणून तो सुतारपक्ष्याकडे गेला. सुतारभाऊंच्या वडिलांनीच केसोबाची शिसवी गिटार कोरली होती. कार्बन फायबर हे नाव ऐकताच सुतारभाऊंचा लाल तुरा उभा राहिला.

"त्यापेक्षा कढई वाजव! अरे, लाकूड श्वास घेतं."

"म्हणूनच फुगतं," सयाजी म्हणाला.

"फुगू दे! जे फुगत नाही ते जिवंत नाही. तुझ्या आक्काला जिवंत सूर ऐकवणार की मेलेला?"

केसोबा पुन्हा पोपटरावांकडे गेला. पोपटराव म्हणाले, जिवंत सूर ठीक आहे, पण तो घाटात मेला तर? केसोबाला तेही पटलं. त्याची अडचणच ही होती की त्याला सगळ्यांचंच पटायचं. मूर्ख माणसाला कुणाचंच पटत नाही, म्हणून तो कुठेतरी पोहोचतो. केसोबा मूर्ख नव्हता.

त्याने एका सागाच्या खोडावर नखाने तक्ता कोरायला घेतला. उभ्या ओळीत गिटारी, आडव्या ओळीत गुण. वजन, खर्ज, मानेची रुंदी, तारांची उंची, खिळीचा घट्टपणा, पंज्यातला घाम पुसला जातो का. खोड संपलं, तेव्हा तो शेजारच्या झाडावर गेला. थंडी सरेपर्यंत चार साग भरले. उन्हाळ्यात जंगलातली जनावरं तो तक्ता बघायला लांबून यायला लागली.

पाणवठ्यावर वाजवायला आता त्याला सवड होत नव्हती. सांबरं मान खाली घालून पाणी प्यायची आणि निघून जायची.

चार दिवसांचं असं एक वर्ष झालं. परीट परत आला.

"आक्काला हल्ली फारसं उठवत नाही," तो म्हणाला. "दाराशी बसून असते. वाऱ्याने पाचोळा वाजला तरी विचारते, केसू आला का?"

केसोबा त्या दिवशी वारुळाशी गेला, पण त्याच्याने एक मुंगी खाववली नाही. हे मी मुद्दाम सांगतोय. नाहीतर तुम्ही म्हणाल, अस्वल निर्दय होतं. तसं नव्हतं. पाचोळ्याचं ऐकून त्याच्या छातीत जे झालं ते खरं होतं. तो संध्याकाळी सयाजीकडे आला आणि म्हणाला, "बस्स. मान निघणारी घेतो. उद्याच निघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोपटराव जांभळावरून म्हणाले, "होळीनंतर नवी वीण येतेय. खर्ज दुप्पट. आत्ता घेईल तो पस्तावेल."

केसोबाने डोक्यावरचे केस ओढले.

"जुनी घे आणि चल," सयाजी म्हणाला. "आज. आत्ता."

"आणि बेसूर वाजवू? सयाजी, तिच्या आयुष्यात हे एकदाच होणार आहे. एकदाच होणारी गोष्ट घाईने करायची?"

साळिंदराकडे काटे असतात, मुद्दे नसतात. सयाजी म्हणाला, "मग ती जुनी मला दे. मी जातो पुढे. तू येतो आहेस एवढं तरी सांगतो तिला."

"घे की. प्रवासाच्या उपयोगाची नाहीच ती."

केसोबा त्याला नदीच्या वाटेपर्यंत सोडायला गेला. वाटेत त्याने बजावलं, गिटार सावलीत ठेव, तारा सैल करून ठेव, पाण्यापासून जप. "आणि आक्काला सांग," तो म्हणाला, "उशीर होतोय, पण चांगलंच घेऊन येतोय."

सयाजी गेला. जाताना त्याच्या काट्यांचे ओरखडे गिटारीच्या पाठीवर उठत होते. ते बघून केसोबाने डोळे मिटून घेतले.

होळी झाली. नवी वीण आली. खर्ज खरंच चांगला होता, दुप्पट नव्हता पण सव्वापट म्हणता आला असता. केसोबाने ती पारखायचं ठरवलं. सगळं जंगल जमलं. त्याने गिटार कड्यावरून खाली टाकली. फुटली नाही. डोहात बुडवून ठेवली. फुगली नाही. वैशाखात आठ दिवस कातळावर उन्हात ठेवली. तडकली नाही. शेवटी हत्तीला विनंती केली. हत्ती एक पाय ठेवून उभा राहिला, मग आग्रहाखातर दुसराही ठेवला. गिटार तशीच. टाळ्या झाल्या. पोपटराव इतके आनंदले की स्वतःच्याच वाक्यावर "वा" म्हणाले.

तिचा सूर कसा आहे, हे कुणी विचारलं नाही. सगळे दमले होते.

केसोबाने ती घेतली. ऐन ज्येष्ठात घेतली. आता फक्त पिशवी उरली. एवढी गिटार उघडी कशी न्यायची? पिशवी सागाच्या पानांची असावी की जाळीची, पाठीवरचा पट्टा एक असावा की दोन, हे ठरेपर्यंत नदीला पूर आला आणि होडी बंद झाली. यात केसोबाचा काय दोष?

पूर ओसरला आणि सयाजी परत आला.

दुपारची वेळ होती. केसोबा पाणवठ्यावर चार जणांना खिळीचा घट्टपणा दाखवत होता. समोरून एक वाळलेलं, लंगडणारं जनावर येताना दिसलं. अर्धे काटे गळलेले. केसोबाने त्याला आधी ओळखलंच नाही.

"सयाजी! अरे, काय दशा ही! आणि गिटार कुठाय?"

सयाजी आधी पाणी प्यायला. मग खाली बसला.

"तिच्याजवळ ठेवून आलो," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. मगरीने होडीत घेतलं नाही, तेव्हा त्याने गिटार पाण्यात टाकली, तिच्यावर छाती टेकली आणि पाय मारत नदी पार केली. दुसऱ्या घाटात गिटारीचे सांधे उकलले. ते त्याने पळसाच्या मुळांचा दोर करून आवळले. दोन तारा तुटल्या. वाजवायला त्याला येत नव्हतंच, पण गाणं कानात होतं. इतकी वर्षं पाणवठ्यावर ऐकलेलं. चालता चालता तो एकेक सूर शोधत गेला.

"पोचलो तेव्हा ती दाराशी बसली होती. मी सांगणारच होतो, मी सयाजी, केसोबाचा शेजारी. पण पायरीशी गिटार आपटली आणि तारा वाजल्या. ती म्हणाली, केसू. मग माझ्याने सांगवलं नाही."

केसोबाने नवी गिटार बाजूला ठेवली.

"तिने हात पुढे केला. मी मागे सरलो. काटे ना. तर हसली. म्हणाली, अजून लाजतोस?"

"मधला भाग?" केसोबाने विचारलं.

"वाजवला. चुकलाही असेल. पण ती म्हणाली, हां, हेच. हेच मला आठवत नव्हतं. मग रोज वाजवत राहिलो. बावीस दिवस. एका दुपारी ऐकता ऐकता तिचा डोळा लागला. मग उठली नाही."

केसोबाला एक क्षण पोटाखाली आईची राठ, ऊबदार पाठ जाणवली. पलीकडच्या बाजूने आक्काचा श्वास जाणवला. तो तसाच बसून राहिला असता तर बरं झालं असतं. पण मुलांनो, त्या जागी फार वेळ बसवत नाही. मन हाताला लागेल ते धरून वर येतं. केसोबाच्या हाताला जे लागलं ते असं होतं.

"चार तारांवर वाजवलंस?"

"चारच उरल्या होत्या."

"सुरात होत्या?"

"नव्हत्या. ती म्हणालीसुद्धा, केसू, तू लहानपणीसारखाच बेसूर."

"मी?" केसोबा उठून उभा राहिला. "मी बेसूर? म्हणजे बावीस दिवस तू माझ्या नावावर बेसूर वाजवत होतास? आणि ती तेच ऐकत गेली?"

"ही शुद्ध फसवणूक आहे," पोपटराव काठावरच्या फांदीवरून म्हणाले. "शिवाय लाकूड उकललं. मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं."

"पण तरंगलं ना?" सुतारभाऊ समोरच्या खोडावरून ओरडले. "तुमची ती काळी कढई तरंगली असती का?"

दोघांचंही खरं ठरलं होतं, त्यामुळे दोघंही खूश होते. जमलेल्यांचे दोन तट पडले आणि बराच वेळ वाद रंगला. गोदाक्काचा विषय मागे पडला. ती तशीही या जंगलातली नव्हती.

वाद मिटल्यावर सगळे आपापल्या वाटेने गेले. केसोबाने नवी गिटार मांडीवर घेतली आणि आईचं गाणं वाजवलं. जवळजवळ दोन वर्षांत प्रथमच. सूर स्वच्छ होते. एकही तार हलली नव्हती. मधला भाग तर असा वाजला की तसा तो पूर्वी कधी वाजला नव्हता.

गाणं संपलं. सांबरं पाणी पीत होती.

"आक्काला आवडलं असतं ना?" केसोबाने विचारलं.

"आवडलं असतं," सयाजी म्हणाला.

"मग थांबलो ते बरोबरच केलं."

सयाजी उठला आणि लंगडत आपल्या बिळाकडे गेला. जंगलात सगळे म्हणतात, प्रवास करून आल्यापासून साळिंदर जरा शिष्ट झालंय.

केसोबाचं मात्र चांगलं झालं. प्रवासाला कोणती गिटार न्यावी, या विषयात त्याच्याएवढा जाणकार सात जंगलांत नाही. पोपटराव हल्ली जांभळावर त्याच्यासाठी खालची फांदी मोकळी ठेवतात. सागांवरचे तक्ते दाखवायला दोन माकडं नेमली आहेत. तो कधी नदीपलीकडे गेला नाही, ही गोष्ट कुणी काढत नाही. त्याचा विषय प्रवास नव्हे. त्याचा विषय तयारी.

परवाच एक मुंगसीण त्याच्याकडे आली होती. दूरच्या माळावर दिलेली तिची लेक बाळंतपणात अडली होती. लेकीला लहानपणापासून आईच्या पाव्याची सवय, तो वाजला की ती शांत होते. मुंगसीण घाईत होती. धापा टाकत होती. तिने फक्त एवढंच विचारलं, जवळचा रस्ता कोणता?

"रस्ता नंतर," केसोबा मायेने म्हणाला. "आधी सांगा, पावा बांबूचा आहे का?"

"हो."

"बांबूचा!" केसोबा म्हणाला. "माळावरच्या वाऱ्यात? बसा, मावशी. बसा."

आणि मुंगसीण बसली.

तात्पर्य: प्रवासाला निघण्यापूर्वी गिटार नीट पारखून घ्यावी. वाट पाहणारे काय, नाशवंत असतात. कार्बन फायबर टिकतं.